पाटे वाढविल्याने पिकअपची पकड वाढत नाही

शेतमालाच्या वाहतुकीत बैलगाडीची जागा आता बव्हंशी लहान मोटारगाड्यांनी घेतली आहे. २००५ साली टाटा कंपनीची 'एस' ही छोटी मालगाडी बाजारात आली आणि ग्रामीण भागात ती 'छोटा हत्ती' या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्याहून मोठ्या व अधिक भार वाहणाऱ्या पिकअप गाड्याही गावोगाव दिसतात. जुन्नर तालुक्यातील टोमॅटो असो, निफाडचा कांदा असो, की सांगोल्याचे डाळिंब असो, शेताच्या बांधापासून बाजार समितीच्या आवारापर्यंत हा माल पुष्कळदा पिकअपमधूनच जातो. काही शेतकऱ्यांनी कर्ज काढून अशी गाडी घेतली आहे. काही गावांत दोन-चार शेतकरी मिळून एकच गाडी भाड्याने लावतात. शेतीच्या अवजारांइतकेच लक्ष या गाडीकडे पुरविणे त्यामुळे अगत्याचे झाले आहे.

या गाड्यांविषयी पावसाळ्यात एक तक्रार सर्वत्र ऐकू येते. रिकामी गाडी पाणंदीच्या ओल्या चढावर चढत नाही. मागील चाके जागच्या जागी फिरतात आणि खड्डा करून बसतात. खडबडीत रस्त्यावर गाडीचा मागचा भाग थाडथाड उडतो. यावर गॅरेजमध्ये एक ठरीव उपाय सुचविला जातो, तो म्हणजे मागील कमानीत आणखी दोन पाटे घालावेत. पाटे वाढविले म्हणजे गाडी 'भक्कम' होते, भार जास्त घेते आणि पकडही धरते, अशी समजूत खोलवर रुजली आहे. नवी गाडी घेतल्यावर पूजा करावी, तद्वत पाटेही घालून घ्यावेत, असे पुष्कळ चालकांना वाटते.

ही समजूत चुकीची आहे. पाटे वाढविल्याने मागील चाकांची पकड वाढत नाही, उलट ती कमी होते. गाडीचा भार वाहण्याचा अधिकृत अधिकारही त्याने वाढत नाही. चाकाची पकड ही कमानीच्या ताठपणातून मिळत नाही. चाकावर पडणारा भार आणि चाकाचा जमिनीशी राहणारा अखंड स्पर्श या दोन गोष्टींतून ती मिळते. हे तत्त्व नीट उमगले तर पावसाळ्यातील अर्ध्याअधिक अडचणी गॅरेजचा खर्च न करताही दूर होऊ शकतात.

पकड कशी निर्माण होते

बहुतेक पिकअप गाड्यांचे इंजिन पुढे असते आणि चालना मात्र मागील चाकांना मिळते. गाडी भरलेली असताना मागील चाकांवर भरपूर भार असतो व ती जमिनीस घट्ट धरून राहतात. गाडी रिकामी झाली की मागील भार एकदम उतरतो. इंजिनाचे, चालकाच्या खोलीचे वजन पुढील चाकांवर असते. ज्या चाकांनी गाडी ढकलावयाची, ती मात्र हलकी राहतात.

एक हिशेब करून पाहावा. समजा, एका पिकअपचे रिकामे वजन १,७०० किलो असून त्यांपैकी १,००० किलो पुढील चाकांवर व ७०० किलो मागील चाकांवर आहे. ओल्या मातीच्या रस्त्यावर दर १०० किलो भारामागे ३५ किलो एवढाच जोर चाक लावू शकते असे धरले, तर मागील दोन्ही चाकांचा मिळून जोर २४५ किलो होतो. आता दहा फुटांस एक फूट असा चढ घ्यावा. तो चढण्यास वजनाच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे १७० किलो जोर लागेल. चिखलात चाके दबतात, त्याचा विरोध वजनाच्या विसाव्या भागाइतका, म्हणजे ८५ किलो धरावा. एकूण गरज झाली २५५ किलोंची आणि हाती आहे २४५ किलो. इंजिन कितीही ताकदीचे असले तरी ही गाडी चढणार नाही. चाके फक्त फिरत राहतील.

याच गाडीत मागील आसाच्या बरोबर वर १५० किलो वाळूची पोती घट्ट बांधून ठेवली, तर मागील भार ८५० किलो होतो आणि जोर सुमारे २९७ किलो मिळतो. गाडी जड झाल्यामुळे गरजही वाढून सुमारे २७८ किलो होते. तरीही जोर गरजेपेक्षा जास्त राहतो आणि गाडी चढते. या दोन हिशेबांत पाट्यांची संख्या कोठेही आलेली नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

दोन चाकांतील असमान भार

येथपर्यंतचा हिशेब दोन्ही मागील चाकांवर सारखा भार आहे असे मानून केला. पाणंदीत तसे नसते. एक चाक चाकोरीत उतरलेले असते, दुसरे मधल्या उंचवट्यावर असते. अशा वेळी डिफरन्शियलचा स्वभाव आडवा येतो. वळणावर बाहेरचे चाक जास्त व आतले चाक कमी फिरावे म्हणून ही रचना असते. ती दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. त्यामुळे ज्या चाकाची पकड कमी, त्याला झेपेल तेवढाच जोर दुसऱ्या चाकालाही मिळतो. एक चाक अधांतरी झाले की ते गरगर फिरते आणि घट्ट जमिनीवर उभे असलेले दुसरे चाक निमूटपणे थांबून राहते.

वरील उदाहरणातील ७०० किलो भार दोन चाकांवर ५०० व २०० किलो असा विभागला गेला, तर हलके चाक ७० किलो जोर लावील आणि भारी चाकासही तेवढाच मिळेल. दोन्हींचा मिळून जोर १४० किलो. भार तेवढाच आहे, रस्ता तोच आहे, टायरही तेच आहेत. पण केवळ भार असमान पडल्याने पकड २४५ किलोंवरून १४० किलोंवर आली.

कमानीचे खरे काम येथे दिसून येते. जमीन खाली गेली तर चाकास खाली दाबणे, वर आली तर चाकास वर जाऊ देणे, आणि हे करीत असताना दोन्ही चाकांवरील भारात होता होईल तो कमी फरक पडू देणे, हे ते काम. कमान जेवढी लवचिक, तेवढे हे काम चांगले होते. कमान जेवढी ताठ, तेवढे खड्ड्यातील चाक जमिनीपासून सुटते आणि उंचवट्यावरील चाकावर भार एकवटतो.

पाटे वाढविल्याने काय होते

सारख्या जाडीचे पाच पाटे असलेल्या कमानीत तसेच दोन पाटे घातले, तर तिचा ताठपणा सुमारे दोन-पंचमांशांनी वाढतो. पाट्याची जाडी वाढविली तर परिणाम याहून तीव्र होतो. पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असतो. म्हणून ८ मिलिमीटर जाडीच्या पाट्याच्या जागी तेवढ्याच लांबी-रुंदीचा १० मिलिमीटर जाडीचा पाटा घातला, तर तो जवळजवळ दुप्पट ताठ असतो. हाताला दोन मिलिमीटरांचा फरक जाणवतही नाही. गाडीला तो फार मोठा असतो.

माल भरलेला असताना ही ताठ कमान काही अंशी दबते. पण शेतकऱ्याची गाडी परतीच्या वाटेवर बहुधा रिकामीच असते आणि पाणंदीत ती अडकते तीही बहुधा रिकामी असतानाच. ज्या वेळी पकडीची सर्वांत जास्त निकड असते, त्याच वेळी वाढविलेले पाटे चाकास जमिनीपासून उडवून लावतात. शिवाय अर्धवट भरलेल्या गाडीत टोमॅटोचे व द्राक्षांचे क्रेट असतील तर त्यांना बसणारे हादरेही वाढतात. बाजारात पोचेपर्यंत माल चेपतो, फळास मार बसतो, आणि जो पैसा पाटे वाढवून दोन क्रेट जास्त भरण्यात मिळाला असे वाटले, तो लिलावात उतरलेल्या भावात निघून जातो.

काही ठिकाणी पाटे न वाढविता आस व कमान यांच्यामध्ये लोखंडाचे ठोकळे घालून गाडीचा मागचा भाग उंच केला जातो. याचा दोष निराळा आहे. चाके जमिनीस मागे रेटतात तेव्हा आसास उलट दिशेने पीळ बसतो. हा पीळ कमानीचे पाटेच सोसतात. जोर जास्त झाला की पाटे इंग्रजी 'एस' अक्षरासारखे वाकतात, क्षणात सुटतात, पुन्हा वाकतात. मागील चाके चढावर थडथडत नाचताना दिसतात, ती पुष्कळदा यामुळेच. ठोकळ्यामुळे आस व कमान यांतील अंतर वाढते, आसाचे रेटणे लांब कांडीने पाटे पिळल्यासारखे होते, आणि नाचणे वाढते. त्यातच प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो व त्याचे क्रॉस लवकर झिजतात.

ब्रेकवर होणारा परिणाम

सर्वांत गंभीर बाब ब्रेकची आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. अनेक पिकअप गाड्यांत मागील आस व चासी यांच्यामध्ये एक कांडी जोडलेली असते आणि तिच्या टोकास ब्रेकच्या तेलाचा दाब ठरविणारी झडप असते. गाडी भरली म्हणजे मागचा भाग दबतो, कांडी हलते आणि झडप मागील ब्रेकना पूर्ण दाब जाऊ देते. गाडी रिकामी असली म्हणजे मागचा भाग उंच राहतो आणि झडप दाब कमी करते. अन्यथा हलकी मागील चाके ब्रेक लागताच जाम होऊन गाडी आडवी फिरेल.

आता पाटे वाढविलेली गाडी घ्यावी. ती पूर्ण भरली तरी पूर्वीइतकी दबत नाही. झडपेला ती अर्धी रिकामीच वाटते. मागील ब्रेकना मिळावयाचा दाब मिळत नाही, सारा ताण पुढील ब्रेकवर येतो. माळशेज किंवा दिवे घाटाचा उतार उतरताना, मागे भाजीपाल्याचा पूर्ण भार असताना, गाडी थांबण्यास नेहमीपेक्षा जास्त अंतर लागते आणि पुढील ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका उद्भवतो. काही ठिकाणी याला तोड म्हणून ती कांडी सोडून टाकतात किंवा तारेने बांधून ठेवतात. तो तर अपघातास दिलेला धडधडीत निमंत्रणाचा अक्षताविधीच होय. कारण मग रिकाम्या गाडीची मागील चाके पावसात सर्वप्रथम जाम होतात.

पाट्यांनी भार पेलला तरी त्याच भाराखालील टायर, बेअरिंग, ब्रेक, आस आणि चासी हे सारे पूर्वीचेच असतात. साखळीची एक कडी जाड केल्याने साखळी बळकट होत नाही. गाडी दबणे ही खरे पाहता तिने दिलेली सूचना असते. पाटे वाढविणे म्हणजे गाडीची शक्ती वाढविणे नव्हे, तर तिचे तोंड बंद करणे होय.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये, उत्पादकाने ठरवून दिलेल्या व नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ मध्ये जादा भाराबद्दल २०,००० रुपये आणि शिवाय प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद केली आणि जादा माल उतरविण्याचा खर्चही वाहनधारकावर टाकला. पाटे कितीही घातले तरी प्रमाणपत्रावरील वजनाचा आकडा एका किलोनेही वाढत नाही.

शेतकऱ्याची अडचण

पाटे वाढविणारा शेतकरी अविचारी असतो असे मात्र म्हणता येणार नाही. डिझेलचा खर्च, चालकाचा रोज, बाजार समितीत नंबर लागण्याची घाई, पहाटे भाव बरा मिळतो ही जाणीव, यांमुळे दोन खेपांचा माल एका खेपेत नेण्याचा मोह होतो. भाव पडलेला असला तर एक खेप वाचविण्यावरच त्या दिवसाचा नफा-तोटा अवलंबून असतो. त्यातच पाणंद रस्त्यांची दुरवस्था आहे. या अडचणी खऱ्या आहेत आणि केवळ उपदेशाने त्या सुटणार नाहीत.

परंतु हिशेब पूर्ण करावा. वाचलेल्या एका खेपेच्या डिझेलसमोर लवकर झिजलेले टायर, मोडलेले क्रॉस, चिरलेली चासी, चेपलेला माल आणि ट्रॅक्टर बोलावून गाडी ओढून काढण्याचा खर्च मांडून पाहावा. आणि एक गोष्ट अशी आहे की जी कोणत्याच रकान्यात मांडता येत नाही. बाजारास जाणाऱ्या गाडीत चालकाशेजारी बहुधा घरचाच मुलगा किंवा भाऊ बसलेला असतो. कित्येकदा मालावर मजूर बायका-पुरुषही बसविले जातात, जे कधीही करू नये. उतारावर ब्रेक कमी पडले तर किंमत त्यांना मोजावी लागते.

करावयाचे उपाय

उपायांचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असा ठेवावा.

पहिला उपाय भाराच्या मांडणीचा. बैलगाडी हाकणाऱ्यास हे शिकवावे लागत नाही. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते आणि फार पुढे आले की बैलांच्या मानेवर जू दाबते, हे तो जाणतो. पिकअपलाही हाच न्याय लागू आहे. पुढील व मागील आसांमध्ये ३ मीटर अंतर असलेल्या गाडीत १०० किलोचे पोते मागील आसाच्या १ मीटर पुढे ठेवले, तर मागील चाकांवर सुमारे ६७ किलो व पुढील चाकांवर ३३ किलो भार पडतो. तेच पोते मागील आसाच्या अर्धा मीटर मागे ठेवले, तर मागील चाकांवर सुमारे ११७ किलो पडतात आणि पुढील चाकांवरचा १७ किलो भार उचलला जातो. मागे टांगलेला भार पकड वाढवितो हे खरे. पण तो स्टिअरिंग हलके करतो, आणि उतारावर तेच घातक ठरते. म्हणून जड माल खाली, मागील आसाच्या किंचित पुढे आणि डाव्या-उजव्या बाजूंस सारखा रचावा. रिकाम्या गाडीस पकड हवी असेल तर वाळूची पोती मागील आसावर घट्ट बांधावीत. सुटे दगड ठेवू नयेत, ते ब्रेक लागताच पुढे धावतात. माल भरताना ही पोती उतरवावीत किंवा त्यांचे वजन भारात धरावे.

दुसरा उपाय टायरचा. भरलेल्या व रिकाम्या गाडीसाठी मागील टायरमधील हवेचा दाब उत्पादकाने निरनिराळा सांगितला असेल तर त्याप्रमाणे ठेवावा. भरलेल्या गाडीचा दाब रिकाम्या गाडीत कायम ठेवला, तर टायर दगडासारखा टणक राहतो, जमिनीस कमी टेकतो आणि उडतो. याउलट कमी हवेवर भरलेली गाडी पळविली तर टायर तापून फुटतो. यास्तव दोन्ही बाजूंनी मर्यादा पाळावी. चिखलाच्या वाटेस मागे खोल नक्षीचे टायर हितावह. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत उतरलेला टायर तर कायद्याच्या सीमेवर आलेला असतो; काळ्या मातीत तो त्याआधीच निरुपयोगी झालेला असतो, कारण ही माती नक्षीत गच्च भरून टायर गुळगुळीत करून टाकते.

तिसरा उपाय असलेल्या कमानीची निगा. पाट्यांमध्ये चिखल व गंज साचला की पाटे एकमेकांवर सरकत नाहीत आणि पाच पाट्यांची कमान एका जाड पाट्यासारखी वागू लागते. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर कमानी धुवून, तुटलेला पाटा, सैल झालेला सेंटर बोल्ट आणि झिजलेले बुश पाहून घ्यावेत. उत्पादकाने सांगितले असेल तेथे पाट्यांमध्ये ग्रॅफाइटयुक्त ग्रीस द्यावे. ज्या कमानीत पाट्यांमध्ये रबर किंवा प्लॅस्टिकच्या चकत्या असतात, तेथे साधे ग्रीस लावू नये. यू-बोल्ट सैल असतील तर आस जागेवरून सरकतो. कमान उघडून पुन्हा बसविल्यावर काही दिवस गाडी चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळावेत. पुष्कळ गाड्यांचा मागचा भाग बसतो तो पाटे अपुरे असल्यामुळे नव्हे, तर जुन्या पाट्यांचा बाक गेल्यामुळे. अशा वेळी जादा पाटे न घालता मूळ मापाची पूर्ण कमान बदलावी.

चौथा उपाय शॉकअब्सॉर्बरचा. कमान चाकास खाली दाबते, परंतु तिचे हेलकावे आवरण्याचे काम शॉकअब्सॉर्बर करतो. त्यातून तेल गळत असेल किंवा गाडी खड्ड्यानंतर बराच वेळ डुलत असेल, तर तो निकामी समजावा. मागील चाके उडण्याच्या तक्रारीत गॅरेजमध्ये सर्वप्रथम शॉकअब्सॉर्बर पाहावयास सांगावे, पाटे नव्हे. काही गाड्यांत एका बाजूचा शॉकअब्सॉर्बर आसाच्या पुढे व दुसऱ्या बाजूचा मागे बसविलेला असतो. तो आसाचा पीळ आवरण्यासाठी मुद्दाम तसा बसविलेला असतो. दुरुस्तीच्या वेळी ती रचना बदलू नये.

पाचवा उपाय रचनेतील योग्य बदलाचा. ज्यांना नित्य जड भार न्यावयाचा आहे, त्यांनी मुळातच जास्त भारक्षमतेची गाडी घ्यावी. काही कमानींत खालचे मदतनीस पाटे असे बसविलेले असतात की ते रिकाम्या गाडीत सुटे राहतात आणि भार वाढल्यावरच टेकून काम करू लागतात. गाडी रिकामी असताना मऊ व भरल्यावर ताठ, असा हा दुहेरी गुण होय. उत्पादकाने त्या नमुन्यासाठी अशी कमान दिली असेल तर तीच घ्यावी. आसाचा पीळ रोखण्यासाठी आस व चासी यांना जोडणारी आडवी पट्टी बसविता येते. तिच्यामुळे कमान ताठ न होता चाकांचे नाचणे थांबते. मात्र तिचे सांधे कमानीच्या हालचालीशी जुळणारे असावे लागतात, अन्यथा ती स्वतः मोडते किंवा चासी मोडते. म्हणून हे काम जाणकार कारागिराकडून आणि अधिकृत सल्ल्यानेच करावे. ज्यांची वाट कायमच चिखलाची आहे त्यांनी गाडी घेतानाच डिफरन्शियल जखडण्याची सोय किंवा चारही चाकांना चालना असलेला नमुना मिळतो काय, हे विचारावे.

गाडी अडकलीच तर इंजिनाचा जोर वाढवू नये. फिरत्या चाकाची पकड टेकलेल्या चाकाहून कमी असते आणि ते स्वतःचाच खड्डा खणते. दुसऱ्या गिअरमध्ये हळू निघावे. चाकाखाली मुरूम, पोती किंवा उसाचे पाचट घालावे.

विस्तार कार्यकर्त्यांचे काम

या विषयाकडे गॅरेजचा विषय म्हणून पाहिले जाते आणि म्हणूनच विस्ताराच्या कार्यक्रमात त्यास स्थान मिळत नाही. ही उणीव दूर होणे इष्ट आहे. पीक घेणे हे शेतीचे अर्धे काम होय. ते सुखरूप बाजारात पोचविणे हे उरलेले अर्धे. बियाण्याच्या उगवणशक्तीचे प्रात्यक्षिक जसे शेतावर दाखविले जाते, तसे पिकअपच्या भाराचे प्रात्यक्षिक वजनकाट्यावर दाखविता येईल.

त्याची पद्धत सोपी आहे. बाजार समितीच्या किंवा साखर कारखान्याच्या काट्यावर आधी रिकाम्या गाडीची केवळ पुढील चाके चढवून वजन घ्यावे, मग केवळ मागील चाकांचे. नंतर गाडी भरून तसेच करावे. आकडे फळ्यावर लिहून नोंदणी प्रमाणपत्रावरील रिकाम्या व भरलेल्या वजनाशी ताडून दाखवावेत. त्यानंतर तोच माल अर्धा मीटर पुढे सरकवून पुन्हा वजन घ्यावे. पुढील व मागील चाकांवरचा भार कसा बदलतो हे शेतकरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील आणि ते दहा व्याख्यानांपेक्षा अधिक परिणामकारक ठरेल. गावातील गॅरेजवाल्या कारागिरांनाही या वेळी आवर्जून बोलवावे. ते शत्रू नव्हेत. गिऱ्हाईक मागते तेच ते देतात. मागणी शहाणी झाली तर त्यांचा सल्लाही शहाणा होईल.

त्याच बैठकीत पाणंदीचाही विचार व्हावा. राज्यात २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना मंजूर झाली. रस्त्याची कामे कोणत्याही योजनेतून होवोत. चढाच्या शंभर फुटांत बाजूची चर मोकळी ठेवणे आणि चाकोरीत मुरूम दाबून घालणे, हे गावाने एकजुटीने करण्यासारखे काम आहे. पाणी वाटेवर उभे राहिले नाही तर चाकाची निम्मी अडचण तेथेच संपते. एका गाडीत पाटे घातल्याने एकाच गाडीचे नुकसान होते; एक चर काढल्याने साऱ्या गावाच्या गाड्या चालतात.

पिकअप ही शेतकऱ्याची नवी बैलजोडी आहे. पूर्वीचा शहाणा शेतकरी बैलास पेलेल एवढेच ओझे घालीत असे, जू मानेस लागते की काय ते पाहत असे आणि बैल थकला तर त्यास दोष न देता ओझ्याकडे पाहत असे. गाडी लोखंडाची असली तरी हाच न्याय तिलाही लावला पाहिजे. येत्या मृगापूर्वी प्रत्येक पिकअपधारकाने काट्यावर एकदा आपल्या गाडीची पुढील व मागील वजने पाहावीत, कमानी व शॉकअब्सॉर्बर तपासून घ्यावेत, आणि कोणी दोन पाटे वाढविण्याचा सल्ला दिला तर त्यास एवढेच विचारावे की, या पाट्यांनी चाक जमिनीस अधिक टेकेल की कमी? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर मिळाले म्हणजे तो खर्च आपोआपच वाचेल.